बारा वर्षं चुलीवर काय ठेवायचं?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यातला शेतकरी, वय ४८. जमीन नऊ एकर. त्यातली सहा एकर बरी आहे, सोयाबीन-तूर होते. उरलेली तीन एकर माळाची, ओढ्याकडे उतरती. वीतभर माती, खाली मुरूम. मागची चार वर्षं तिथं बी-खताचा खर्चही निघाला नाही. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो शेतीत येणार नाही. दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला जातात, मग कामाला कुणी मिळत नाही.

गावात एकजण सागाचं पत्रक घेऊन आला होता. टिश्यू कल्चरचा साग, एकरी ४०० रोपं, एका रोपाला १२० रुपये. बारा वर्षांत एका झाडाचे २५ हजार, आणि लाकूड कंपनीच परत विकत घेणार. म्हणजे १,२०० झाडांचे तीन कोटी. मला ते पटायला लागलंय. शेजारी म्हणतो, साग नको, बांबू लाव. चुलते म्हणतात, झाडं लावली की जमीन फॉरेस्टवाले नेतात. आणि घरची म्हणते, बारा वर्षं चुलीवर काय ठेवायचं ते आधी सांगा. पुढच्या महिन्यात बुकिंगचे पैसे द्यायचेत. सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. काय करू?

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन कोटींचा आकडा, शेजाऱ्याचा बांबू, चुलत्यांची भीती हे सगळं बाजूला ठेवून आधी वहिनींना सांगा की नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय. शेतात लाकूड लावणारी माणसं हरतात ती झाडाच्या जातीमुळे क्वचितच. ती हरतात मधल्या वर्षांत. पाचव्या वर्षी मुलीचं लग्न निघतं, सातव्या वर्षी दवाखाना लागतो, आणि अजून मनगटाएवढंच असलेलं झाड पडेल त्या भावात जातं. मी तुम्हाला झाडं लावू नका असं मुळीच सांगणार नाही. त्या तीन एकरांत झाडंच लावा. पण पैसा एकदम बाराव्या वर्षी येणार नाही, पायरीपायरीने येईल, अशी लावा.

आधी तो साग.

पत्रकातला आकडा खरा की खोटा हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मोजा. लाकडाच्या व्यापारात गोल लाकूड मोजायची जुनी रीत आहे. ओंडक्याच्या मधोमध सुतळी गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. गोलाई इंचांत आणि लांबी फुटांत असेल तर शेवटी १४४ ने भागायचं, की घनफूट मिळतात. आता तुमच्या मुरमाड माळावर बारा वर्षांचा साग २४ इंच गोलाईचा झाला असं धरू. वीतभर मातीत एवढं धरणंही सढळ हाताचंच आहे. सरळ खोड १५ फूट धरू. २४ चा चौथा हिस्सा सहा, त्याचा वर्ग ३६, गुणिले १५ म्हणजे ५४०, भागिले १४४. उत्तर येतं पावणेचार घनफूट. एवढ्या लाकडाचे २५ हजार यायचे तर एका घनफुटाला साडेसहा हजारांहून जास्त भाव मिळायला हवा. अंबाजोगाईच्या किंवा लातूरच्या वखारीत जा आणि विचारा, “दोन फूट गोलाईचा कोवळा साग सालीसकट कितीला घ्याल?” तो जो भाव सांगेल त्याला पावणेचारने गुणा. तुमच्या झाडाची किंमत तीच.

वखारवाला आणखी एक गोष्ट दाखवेल, ती नीट बघा. कोवळ्या सागाचा आडवा काप घेतला की बाहेर पांढरट कडं दिसतं आणि मध्ये तपकिरी गाभा. सागाला जो मान आहे, वाळवी लागत नाही, पाण्यात कुजत नाही, तो त्या गाभ्याचा. पांढऱ्या भागाला वाळवीही लागते आणि भुंगाही. बारा वर्षांच्या झाडात हे पांढरं कडंच फार असतं. सरकारी जंगलात साग चाळीस-पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त उभा ठेवतात तो उगाच नाही. टिश्यू कल्चर म्हणजे चांगल्या झाडापासून प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप. रोप सारखं आणि जोमदार असू शकतं, पण मातीची खोली ते कुठून आणणार? सागाला खोल, निचऱ्याची जमीन लागते. मुरमावर तो बल्लीएवढा होतो आणि तिथंच थांबतो. शिवाय एकरी ४०० लावलेली झाडं ४०० राहत नाहीत. विरळणी करून निम्मी काढावी लागतात, नाहीतर सगळीच काठीसारखी वाढतात. पत्रकातल्या १,२०० च्या गुणाकारात विरळणी नाही, मर नाही, चोरी नाही, वणवा नाही.

कंपनी परत विकत घेणार या वाक्यावर मला जरा थांबायचंय, कारण हे वाक्य आमच्या घराने ऐकलेलं आहे. १९९० च्या दशकात सागाच्या कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. पैसे भरा, तुमच्या नावाने झाड लावतो, वीस वर्षांनी लाखांत परत, अशी जाहिरात असायची. माझ्या वडिलांनी त्यातल्या एकीत निवृत्तीच्या पैशातले काही भरले. घरी रंगीत प्रमाणपत्र आलं, त्यावर झाडाचा नंबरसुद्धा होता. ते झाड आम्ही कधी पाहिलं नाही आणि पुढे कंपनीचं कार्यालयही सापडलं नाही. अशा योजनांनी देशभर इतक्या लोकांचे पैसे बुडाले की सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. तुमच्याकडे आलेला माणूस तसाच आहे असं मी म्हणत नाही. पण करारात खरेदीचा दर लिहिलाय का, कोणत्या गोलाईखालचं लाकूड नाकारणार ते लिहिलंय का, तोडणी आणि वाहतूक कुणाच्या खर्चाने होणार, आणि बारा वर्षांनी ती कंपनीच नसेल तर जबाबदार कोण, एवढ्या चारच गोष्टी त्याला लेखी मागा. मुळात रोपाला १२० रुपये देऊन तुम्ही आज त्याचे गिऱ्हाईक झाला आहात. तो तुमचा गिऱ्हाईक होणार की नाही, ते बारा वर्षांनी कळणार.

साग लावायचाच असेल तर रोपंसुद्धा घ्यावी लागत नाहीत. वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत सागाच्या जड्या मिळतात. जडी म्हणजे वर्षभराच्या रोपाचं गाजरासारखं मूळ आणि वर बोटभर खोड. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीने भोक पाडायचं, जडी सोडायची आणि टाचेने माती दाबायची. इतकं साधं काम आहे. ओढ्याच्या काठाला जिथं गाळ साचून माती खोल झाली असेल, तिथं चाळीस-पन्नास जड्या लावा. जनावरं सागाला सहसा तोंड लावत नाहीत, तेवढी राखण कमी. तो साग तुमच्या नातवंडांचा. त्याच्यावर तुमचा हिशेब बांधू नका.

आता गिऱ्हाइकाबद्दल, कारण झाड लावताना लोक माती बघतात, पाऊस बघतात आणि हे विसरतात. मी सिन्नरकडची. आमच्या नाशिक जिल्ह्यात १९८० च्या दशकात निफाडचे विनायकराव पाटील यांनी निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली, त्या काळात माझ्या सासऱ्यांनीही दोन एकर निलगिरी लावली. झाडं उत्तम आली. पण आमची तोडायला आली तोवर भाव उतरले होते, आणि बल्ल्या सासऱ्यांनी मनात धरलेल्या पैशांच्या निम्म्यात गेल्या. तिकडे पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातही त्याच दशकाच्या शेवटी हेच झालं. सगळ्यांनी एकदम निलगिरी लावली, सगळ्यांची एकदम तोडणीला आली आणि बल्ल्यांचा भाव कोसळला. पुढे तिथले शेतकरी पॉप्लर या हलक्या लाकडाच्या झाडाकडे वळले आणि ते टिकलं, कारण यमुनानगरला प्लायवूडच्या गिरण्या दाराशी होत्या. हलक्या, स्वस्त लाकडाचा नफा ट्रकच्या भाड्यात जातो. तुम्हाला उद्या कुणी सांगेल, कागदासाठी सुबाभूळ लावा. लावण्याआधी अंबाजोगाईपासून बल्लारपूरची कागद गिरणी किती लांब आहे ते बघा. मलबार नीमचंही तसंच. तो झपाट्याने वाढतो, पण त्याला खोल जमीन आणि पाणी हवं, आणि जवळ प्लायवूडची गिरणी हवी. तुमच्या माळावर यातलं काहीच नाही.

म्हणून तुमचं गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत शोधा. कोण कोण आहे तिथं? टोमॅटो बांधायला काठ्या घेणारा बागायतदार आहे, टोपल्या-सूप विणणारा बुरूड आहे, मंडपवाला आहे, शेळ्या पाळणारे आहेत, जळण घेणारा हॉटेलवाला आणि वीटभट्टीवाला आहे, अवजारं करणारा सुतार आहे. सीताफळाचा व्यापारी तर तुमच्याकडे स्वतः येतो. या माणसांना वर्षाला काय लागतं ते एकदा विचारून या. माळावर काय लावायचं ते तीच माणसं सांगतील.

मी तुमच्या जागी असते तर तीन एकरांचे उतारावर तीन पट्टे केले असते.

सगळ्यात वरचा पट्टा, जिथं नुसता मुरूम आहे, तो बाभळीला आणि गवताला. बाभूळ ऐकून नाक मुरडू नका. मी वेडी बाभूळ म्हणत नाही, आपली गावठी बाभूळ, आणि मिळाली तर रामकाठी. रामकाठीचा पसारा वर सरळ जातो, खाली गवताला ऊन मिळतं. नांगर, वखर, बैलगाडी याच लाकडावर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. आज गाडी कमी झाली, पण जळण म्हणून बाभळीसारखं लाकूड नाही आणि कुंपणाला काटे फुकट मिळतात. उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा खाऊ घाला आणि सकाळी गोठ्यात पडलेल्या बिया वेचून ठेवा. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, नुसतं झाडावरचं बी टणक राहतं. या पट्ट्याला रोपांचा खर्च जवळपास शून्य आहे. समतल चर खणा, चराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घाला आणि पावसाच्या तोंडावर बी टोका.

बाभळींच्या मधल्या जागेत पवन्या आणि मारवेल ही गवतं वाढू द्या. पहिली तीन वर्षं जनावर आत सोडायचं नाही, गवत कापून आणायचं. वहिनींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे गवत आहे. तुम्ही पत्रात जनावरांबद्दल काही लिहिलं नाही, पण घरी दोन शेळ्या असतील तर त्या चार होऊ शकतात, आणि नसतील तर पेंढ्या विकल्या जातात. चराला लागून थोडी सुबाभूळही लावता येईल. पाला कापून खाऊ घालायचा, पण एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, तिच्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते जास्त झालं की जनावराचे केस गळतात. शेंगा पिकून फुटायच्या आत फांद्या छाटा, नाहीतर ती शेजाऱ्याच्या रानात जाईल.

मधला पट्टा सीताफळाला. हे तुम्हाला मी सिन्नरहून सांगावं यात खरं तर गंमत नाही, कारण बालाघाटच्या डोंगराचं हे घरचंच फळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि सीताफळ संशोधन केंद्र तुमच्या अंबाजोगाईतच आहे. धारूर-६ हे वाण तिथलंच. लाकडाचा प्रश्न असताना फळझाड कशाला, असं वाटेल. वाटेतल्या वर्षांसाठी. चार बाय चार मीटरवर एकरी अडीचशे झाडं बसतात, चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ धरता येतं, पावसावर येतं आणि पाल्याला शेळी तोंड लावत नाही. अडचण एकच, फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत विकलं गेलं पाहिजे. म्हणून सगळं एका जातीचं लावू नका, आणि डोळे उघडायला लागले की कच्चंच काढून पाठवा. पिठ्या ढेकणावर लक्ष ठेवा, फळाच्या खाचांत पांढरं कापसासारखं दिसलं की तोच. रोपं कुठून घ्यायची, कोणतं वाण तुमच्या मुरमाला चालेल, हे त्या केंद्रात समोरासमोर विचारा. तुमच्या तालुक्यात ही सोय आहे, माझ्या वाचकांपैकी फार थोड्यांना ती आहे.

खालच्या पट्ट्यात, ओढ्याच्या ओलाव्याला, बांबू. तुमचा शेजारी निम्मा बरोबर आहे. तीन एकर बांबू नको, अर्धा एकर पुरे. जात मानवेल. ती कोरडवाहू हलक्या जमिनीत तग धरते, काठी भरीव असते आणि काटे नाहीत. कोकणातला माणगा दिसायला देखणा आहे, पण तो सिंधुदुर्गच्या पावसात वाढलेला, त्याचा मोह टाळा. पाच बाय पाच मीटरवर अर्ध्या एकरात ऐंशी बेटं बसतात. त्यातली सत्तर जगली आणि पाचव्या वर्षापासून प्रत्येक बेटातून वर्षाला पाचच पक्क्या काठ्या काढल्या, तरी साडेतीनशे काठ्या होतात. तेवढ्या तुमच्या परिसरातच खपतील, ट्रक लागणार नाही.

बांबू तोडताना लोक घाई करतात आणि बेट मारतात, म्हणून हे जरा नीट सांगते. बेटात एका वेळी तीन वयांच्या काठ्या असतात. यंदाची काठी हिरवीगार, तिच्या पेरांना खपल्यासारखी पानं चिकटलेली. दुसऱ्या वर्षाची साफ. तिसऱ्या वर्षाची जरा मळकट, ठोकली की खणखणीत वाजते. तोडायची ती तिसरी. पहिल्या दोन नव्या कोंबांना आधार देतात, त्यांना हात लावायचा नाही. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या जरा वर कोयता मारायचा, म्हणजे कापलेल्या बुंध्यात पावसाचं पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटात शिरायचंच नाही. तोडणी हिवाळ्यात. काठीतला गोडवा भुंग्याला आवडतो, म्हणून तोडलेल्या काठ्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून मग सावलीत वाळवल्या तर जास्त टिकतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मानवेल साधारण २५ ते ४५ वर्षांत एकदा फुलतो आणि फुलला की अख्खं बेट वाळतं. रोपं कुठल्या बियाण्याची, ते बी कोणत्या वर्षी फुललेल्या बांबूचं, हे रोपवाटिकेत विचारा. फुटवा किंवा कंद घेतलात तर मूळ बेटाचं वयही त्याच्याबरोबर येतं. नवे कोंब रानडुकराला आणि साळिंदराला फार आवडतात. पहिली तीन वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण इथंच कामाला येईल.

चुलत्यांच्या भीतीला मी हसणार नाही, तिला इतिहास आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याने त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला खासगी वनं सरकारकडे गेली, आणि कित्येक कुटुंबं अजून त्या नोंदींशी झगडत आहेत. पण ती तेव्हा वन म्हणून धरलेली जमीन होती. आज तुमच्या सातबाऱ्यावरच्या शेतजमिनीत तुम्ही झाडं लावलीत म्हणून ती वनखात्याची होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम २५ प्रमाणे धारण जमिनीवरच्या झाडांवर खातेदाराचा हक्क आहे. उलट २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण करून शेतात झाडं लावा असं सरकारच सांगतंय.

मात्र लावणं वेगळं आणि तोडणं वेगळं. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडं, म्हणजे साग, चंदन, खैर, मोह, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, अंजन, ऐन वगैरे, स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी काढूनच तोडावी लागतात. निलगिरी आणि सुबाभूळ त्या अनुसूचीत नाहीत. बांबूचं सांगायचं तर २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो वगळला गेला, तेव्हापासून शेतातला बांबू वनखात्याच्या लेखी झाड नाही. तुमच्या तीन पट्ट्यांची निवड करताना हेही माझ्या डोक्यात होतं. नियमित विक्री होणाऱ्या मालाला दरवेळी कागद लागू नये. परवानगी लागणारा तो ओढ्याकाठचा चाळीस-पन्नास साग, आणि तो काही दरवर्षी विकायचा नाही.

या परवानगीचा विषय निघाला की तुमच्या पत्रातली कंसातसुद्धा न टाकलेली, शेवटी सहज लिहिलेली ओळ मला सगळ्यात जास्त टोचते. सातबारा वडिलांच्या नावावर. भाऊ, एकही खड्डा खणण्याआधी वारस नोंद करून घ्या. सोयाबीन चार महिन्यांत निघतं, त्यात कुणाचं नाव आहे याने फारसं अडत नाही. झाड वीस वर्षं उभं राहतं. तेवढ्यात भावाची मुलं मोठी होतात, भाचे विचारायला लागतात, आणि ज्याने पाणी घातलं त्याच्या हातात कागद नसतो. तोडणीच्या अर्जाला पहिला कागद सातबाराच लागतो. भाऊ आणि बहीण दोघांना बसवा, बहिणीचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे हे लक्षात ठेवून बोला, माळाचा तुकडा कुणाच्या वाट्याला जातो ते ठरवा आणि तलाठ्याकडे फेरफार करून घ्या. मग दरवर्षी ई-पीक पाहणीत मोबाइलवरून झाडांची नोंद फोटोसकट भरा, बांधावरच्या झाडांचीसुद्धा भरता येते. झाड सातबाऱ्यावर आलं की ते तुमचं आहे हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

बांधावर लावणार असाल तर सावलीचं बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. तुमच्या शेताच्या उत्तर बांधावरचं झाड तुमच्या हरभऱ्याला त्रास देणार नाही, पण पलीकडच्याच्या ज्वारीला देईल. त्याच्याशी आधी बोला.

पाण्याचा हिशेब आत्ताच करा, कारण झाडं जगतात की मरतात ते पहिल्या दोन उन्हाळ्यांत ठरतं. अडीचशे सीताफळं आणि ऐंशी बांबू, म्हणजे ३३० रोपं. आठवड्याला दहा लिटर दिलं तरी ३,३०० लिटर. फेब्रुवारी ते मे सोळा आठवडे धरले तर पन्नास हजार लिटरच्या वर पाणी लागतं. हे तुमच्या विहिरीत असेल तर पुढे जा. नसेल तर पहिल्या वर्षी निम्मीच रोपं लावा, त्यात कमीपणा काही नाही. बुंध्याशी गवताचा जाड थर द्या, जमलं तर तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरा. फेब्रुवारीत गवत वाळायला लागलं की माळाच्या चारी बाजूंनी दहा फुटांचा पट्टा साफ करून ठेवा. विडीचं एक थोटूक चार वर्षांचं काम तासाभरात संपवतं, हे मी आमच्या शेजारच्या एका बाईंच्या माळावर पाहिलंय. त्या बाईंनी जळालेल्या सीताफळांच्या बुडाशी पुन्हा पाणी घालायला सुरुवात केली होती, आणि पावसात बऱ्याचशा खोडांना फूट आली. पण फळाची तीन वर्षं गेली.

अनुदानाच्या योजना आहेत, बांबूला आहेत, फळबागेलाही आहेत. पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याला भेटून यंदा काय चालू आहे ते विचारा. मिळालं तर घ्या. पण ते मिळेल असं धरून खड्डे वाढवू नका.

आता त्या माणसाचं. बुकिंगचे पैसे देऊ नका, निदान हे एक होईपर्यंत. त्याला फोन करून सांगा, की मला बारा वर्षांची एक लागवड दाखव, तुझ्याच रोपांची, माझ्यासारख्याच मुरमाड जमिनीवरची, आणि ज्या शेतकऱ्याने लाकूड विकलंय त्याची पावती दाखव. नेलं तर जरूर जा, वहिनींनाही घेऊन जा. खिशात सुतळी आणि मोजपट्टी ठेवा. छातीच्या उंचीवर दहा झाडांची गोलाई घ्या, पुढची चांगली झाडं सोडून आतल्या ओळीतली घ्या, आणि वहीत लिहून आणा. त्या वहीचा फोटो मला पाठवलात तर हिशेब आपण मिळून करू. चराच्या आखणीला मात्र थांबू नका, मे संपायच्या आत खड्डे उन्हात तापले पाहिजेत.